न बसता करायची बैठक

बिश्केक, २ सप्टेंबर

जाऊबाई,

सासूबाईंचा गुडघा कसा आहे ते फोनवर कळतंच. फोनवर जे बोलता येत नाही तेवढंच लिहिते, कारण तुमच्याकडचा फोन त्यांच्या उशाशी असतो आणि स्पीकरवर असतो. हे पत्र सापार ड्रायव्हरकडे दिलंय. त्याला बजावलंय, बुरुलच्याच हातात द्यायचं, सासूच्या नाही.

तुम्ही हे काय करून ठेवलंत? तुम्ही म्हणालात, यजमानांसाठी कंपनीत शब्द टाक. मी टाकला. मला वाटलं होतं त्यांना वरच्या मजल्यावर बँकेच्या कामाला घेतील. आमचे साहेब मेलिस यांनी त्यांना उचलून माझ्याच टीममध्ये बसवलं. वर मला म्हणतात, "घरचंच माणूस आहे सिर्गा, सांभाळून घेशील."

माझं काम काय ते पुन्हा एकदा सांगते. मी प्रोग्रॅम लिहीत नाही. मी स्क्रम मास्टर. मोठं काम दोन-दोन आठवड्यांच्या घासांत चावायचं, याला अजाइल म्हणतात, आणि कुणाच्या घशात घास अडकला ते रोज सकाळी बघायचं, ते माझं काम. एकेकाचं नाव घेऊन विचारायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. नऊ वर्षं यावर माझं पोट चाललंय.

नाव घेऊन, जाऊबाई. अकरा वर्षं झाली लग्नाला, थोरल्या दिरांचं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. नाव सोडा, त्या नावाचा जो अर्थ आहे तो शब्दही नाही. आणि सासूबाईंनी थोरल्याचं नाव शोधून काय ठेवलं? न बसलेला माणूस जे करतो ते. झाड ते करतं, घोडा ते करतो, आणि आपल्या भाषेत अडकून पडलेलं कामही तेच करतं. आता आमची सकाळची सभा कुणी बसायचं नाही अशी असते, म्हणजे पंधरा मिनिटांत आटपते. त्या सभेचं नावच तो शब्द. मी तिला 'न बसता करायची बैठक' म्हणते. पोरं फिदीफिदी हसतात. इतर टीममध्ये रशियन चालतं, पण मेलिसना किर्गिझचाच हट्ट, त्यामुळे ती पळवाटही बंद.

त्यात भर यंत्राची. हल्ली प्रोग्रॅम यंत्र लिहितं आणि माणसं तपासतात. मेलिस म्हणाले, नव्या वर्षाला आठातले चारच राहतील. भाऊजींची परीक्षा तोवर आहे. खरं सांगायचं तर माझीसुद्धा.

तुमची,
सिर्गा


आत-बाशी, ९ सप्टेंबर

सिर्गा,

तुझं पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा गोठ्यात, कारण सासूबाई दोनदा खोलीत डोकावल्या.

अगं, मी त्या माणसाबरोबर वीस वर्षं संसार केला तो 'ऐकलंत का' एवढ्यावर. तुला पंधरा मिनिटं जमत नाहीत? शिकलेली ना तू? 'खिडकीजवळचे' म्हण, 'चष्मेवाले' म्हण. सासूबाई तर उठता-बसता म्हणतात की शहरातल्या सुनांच्या जिभेला लगाम नाही. तू नाव घेतलंस असं त्यांच्या कानावर गेलं तर तुझं जाऊ दे, मला घरात जगू देणार नाहीत. तुझ्या वाटचं ऐकून घ्यायला मीच सापडते.

पोरांचे बाबा दर रविवारी फोन करतात. खुशीत आहेत. म्हणतात, सगळे फार मान देतात.

एक मात्र नीट ऐक. त्यांचं नारिनचं सरकारी ऑफिस बंद पडल्यावर दोन वर्षं ते चुलीपाशी बसून होते. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. ज्यांनी अख्ख्या जिल्ह्याचे संगणक सांभाळले, ते दिवसभर जळणाच्या काटक्या एकसारख्या लांबीच्या तोडायचे. मी ते बघितलंय, तू नाही. काहीही कर, त्यांना परत पाठवू नकोस.

डब्यात कुरुत आहे, दही वाळवून गोळे मीच वळलेत. एर्मेकला सगळं देऊ नकोस, तुझा नवरा हावरट आहे.

बुरुल


बिश्केक, १४ ऑक्टोबर

जाऊबाई,

युक्ती सापडली, आणि तिनेच डोकं उठवलंय.

आमच्याकडे भिंतीवर फळा आहे. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठी डावीकडून उजवीकडे सरकते: करायचं, चालू, झालं. मध्ये एक रकाना अडकलेल्या कामांचा. त्याचं नाव काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. मी ते पुसून 'विसावा' लिहिलं. आणि ठरवलं, आजपासून माणसांना विचारायचंच नाही, चिठ्ठ्यांना विचारायचं. चिठ्ठी वाचायची, मग ज्याची असेल त्याने बोलायचं. "बेगिमाई, ही तुझी. तिलेक, ही तुझी." भाऊजींच्या चिठ्ठीपाशी आले की म्हणते, "आणि ही."

मेलिसनी हे पाहिलं आणि खूशच झाले. म्हणे माणूस बाजूला, काम पुढे, हेच तर खरं अजाइल. मला अल्माटीला नोव्हेंबरात भाषण द्यायला पाठवणार आहेत. कपाळावर हात मारून घ्यावा की काय. मी दिरांचं नाव टाळायला केलेला खटाटोप, आणि लोक वहीत उतरवून घेणार. वर आमची बेगिमाई, चोवीस वर्षांची पोर, मला थोरली बहीण मानून विचारते, "एजे, हे कुठल्या पुस्तकात आहे?" म्हटलं, सासूच्या.

आता काळजीचं सांगते. भाऊजींची चिठ्ठी दोन आठवडे विसाव्यात आहे. आम्ही कझाकस्तानच्या औषध दुकानांचा जुना प्रोग्रॅम नव्यात आणतोय, त्यात औषधं कधी बाद होतात त्या तारखा त्यांच्याकडे आहेत. मी म्हणते, "आणि ही." ते म्हणतात, "हं." मी पुढे जाते. राहायला आमच्याच घरी आहेत, पण संध्याकाळी मी नुसता चहा ओतते, रीतीप्रमाणे अर्धा पेला, पंधरा वेळा. ते रिकामा करतात, मी भरते. तेव्हा तरी कसं विचारू, अर्धवट तोंड फिरवून? तुम्हाला काही बोलले का ते?

सिर्गा


आत-बाशी, २२ ऑक्टोबर

सिर्गा,

मला ते काय बोलणार? सगळं छान आहे म्हणतात. 'हं' म्हणजे 'हं'. जाणता माणूस आहे, काम करत असेल. तू चोवीस वर्षांच्या पोरींना विचारतेस तसं त्यांना विचारायची गरज नाही.

घरात तुला त्यांची अडचण होत असेल तर तसं सरळ लिही. दोन खोल्यांत तिसरं माणूस जड होतं, मला कळतं. कामाच्या आडून कशाला बोलतेस? आणि अल्माटीच्या भाषणाबद्दल अभिनंदन. आम्ही इथे बटाटे काढतोय.

बुरुल


बिश्केक, १९ नोव्हेंबर

जाऊबाई,

तुमचं मागचं पत्र मला लागलं. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण आता जे झालंय ते फोनवरून अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

दर शुक्रवारी मी मेलिसना हिशेब पाठवते, कुठलं काम कुठे आहे. सात शुक्रवार मी लिहिलं, 'तारखांचं काम विसाव्यात आहे.' बरोबरच होतं माझं, रकान्याचं नावच ते. मेलिस समजले काम संपलं, शांतपणे निजलंय. त्यांनी गिऱ्हाइकाला कळवून टाकलं की तारखा तयार आहेत.

काल कझाकस्तानची माणसं आली. पडद्यावर प्रोग्रॅम चालू केला. त्यांच्यातल्या एका बाईने खोकल्याचं औषध निवडलं, दोन वर्षांपूर्वी बाद झालेलं. आमच्या प्रोग्रॅमने सांगितलं, अजून वर्षभर चालेल. तिने दुसरं निवडलं, तेही तसंच. तिसऱ्याला ती खुर्ची मागे सारून म्हणाली, "हे तुम्ही तुमच्या पोरांना पाजाल का?"

ते गेल्यावर मेलिसनी दार लावलं. म्हणाले, "तारखा कुणाकडे होत्या?"

मी म्हटलं, "खिडकीजवळच्यांकडे."

"नाव?"

"आमच्यातले वडीलधारे आहेत त्यांच्याकडे."

"सिर्गा, मी नाव विचारतोय. टीम तुझी ना? तुला तुझ्या माणसाचं नाव सांगता येत नाही?"

आठ जणांसमोर, जाऊबाई.  अल्माटीला तीनशे माणसांसमोर धाडधाड बोलून आले होते त्याला आठवडाही झाला नव्हता. शेवटी भाऊजींनीच शाळेतल्या मुलासारखा हात वर केला आणि म्हणाले, "माझ्याकडे."

मेलिस म्हणाले, महिनाअखेर. त्याच्या पुढचं बोलायची गरजच नव्हती. घरी आल्यावर भाऊजी जेवले नाहीत.

राग मला कुणाचा येतोय तेच कळत नाही. त्यांचा येतो, की सात आठवडे तोंड का उघडलं नाही. तुमचा येतो. स्वतःचा तर विचारूच नका.

सिर्गा


आत-बाशी, २४ नोव्हेंबर

सिर्गा,

शिव्या दे मला. मी खोटं बोलले.

ऑक्टोबरात त्यांची चिठ्ठी आली होती, कुरुताच्या रिकाम्या डब्यात घडी करून ठेवलेली. तुझं पत्र आलं तेव्हा ती माझ्या खिशातच होती. त्यातलं आहे तसं उतरवते:

'इथे रोज सकाळी आठ जण गोल करतात. सात जणांना नावाने हाक मारतात. माझ्यापाशी आले की "आणि ही" म्हणतात आणि पुढे जातात. सिर्गाला सगळं आधीच माहीत असणार, मला काढायचं ठरलं असणार, भिडेपोटी सांगत नाही. तारखांमध्ये मोठा घोळ आहे, मी शोधलाय, पण विचारत नाहीत त्यांना काय सांगायचं? मी आपणहून बोललो तर नोकरीसाठी लाळ घोटतोय असं वाटेल. मी येतो परत.'

मी उत्तर पाठवलं, येऊ नका, सिर्गा तुमची फार स्तुती करते. आणि तुला लिहिलं, 'हं' म्हणजे 'हं'. मला वाटलं, तिथे अडकून पडले तरी चालतील, इथे काटक्या तोडायला नकोत.

आता मला सांग, आपण दोघी काय शहाण्या? घरात नाव घेत नाही तो मान. सगळे जण मनातल्या मनात त्यांचंच नाव टाळत असतात, म्हणजे घरभर तेच असतात. तिथे सात जणांची नावं घ्यायची आणि आठव्याचं नाही, याला मान म्हणतात होय? तुझी रीत पाळायला तू त्यांना गोलाबाहेर ठेवलंस. आणि मी बाहेरून कडी लावली.

सासूबाईंचं मी बघते. घे नाव.

बुरुल


बिश्केक, ५ डिसेंबर

जाऊबाई,

घेतलं.

तुमचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. आठही जण फळ्यापाशी होते. मी फळ्याकडे पाठ केली. रात्रभर मनात घोकलं होतं, तरी वाक्य असं पडलं की दोन्ही पापं एकदमच झाली, नावही आणि त्याचा अर्थही. म्हटलं, "तुरात दादा, तुमचं काम कुठे उभं आहे?"

अकरा वर्षांचं एकदम बाहेर आलं. माझ्याच कानांत घंटा वाजली. तिलेकला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो जांभई देत होता. भाऊजी कानापर्यंत लाल झाले.  मला वाटलं, संपलं, आता निघून जातील. मग ते बोलायला लागले आणि पंधरा मिनिटांचे पंचवीस झाले.

घोळ असा, की जुन्या प्रोग्रॅममध्ये काही गोदामं आधी दोन आकडी वर्ष लिहायची आणि शेवटी दिवस. काही उलट. यंत्राने सगळं एकाच पद्धतीने वाचलं, अगदी नीटनेटकं, आणि चुकीचं. कुठलं गोदाम कसं लिहायचं ते फक्त तिथल्या माणसांना विचारूनच कळणार. आणि ते विचारायची परवानगी हवी म्हणून त्यांनी चिठ्ठी त्या रकान्यात लावली होती, सप्टेंबरच्या शेवटापासून. एक फोन हवा होता, जाऊबाई. मी केला असता तो, सात मिनिटांत.

त्या दिवशी केला. बेगिमाई आणि भाऊजी चार दिवस एका टेबलावर होते. ती म्हणते, दादा जुना कोड असा वाचतात की लिहिणाऱ्याचा स्वभाव सांगतात. मेलिस येऊन अर्धा तास मागे थांबून ऐकत होते. काल त्यांनी भाऊजींना सांगितलं की नव्या वर्षानंतरच्या चौघांत ते आहेत. अशा जुन्या गोष्टी अजून दोन वर्षं पुरतील एवढ्या आहेत.

भाऊजी घरी आले आणि दोन ताटं जेवले. कुरुत पाठवा.

सिर्गा


आत-बाशी, २१ डिसेंबर

सिर्गा,

सासूबाईंना कळलं. पोरांच्या बाबांनीच कौतुकाने फोनवर सांगितलं आणि फोन, तुला माहीतच आहे, स्पीकरवर. तीन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत. नाव तू घेतलंस, उपास माझ्या चुलीवर. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्याची नोकरी राहिली का?" म्हटलं, राहिली. "मग बडबडू दे तिला," म्हणाल्या आणि वाटी पुढे केली.

पण मी आज दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितेय. तुझं मागचं पत्र मी परत परत वाचलं. भाऊजी असे, बेगिमाई तशी, मेलिस असे. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. चौघांत ते आहेत. तू आहेस का? खोटं लिहू नकोस, त्यातली मी आता जाणकार झालेय.

बुरुल


बिश्केक, १८ जानेवारी

जाऊबाई,

नाही. मी नाही.

मेलिसनी डिसेंबरातच सांगितलं होतं, तुमच्या आनंदात माती कशाला कालवायची म्हणून लिहिलं नाही. कारण ऐका, म्हणजे तुम्हीही भिंतीवर डोकं आपटाल. माझीच ती नावाजलेली पद्धत. माणसाला विचारायचं नाही, चिठ्ठीला विचारायचं. मेलिस म्हणाले, चिठ्ठ्याच वाचायच्या तर त्या यंत्रही वाचतं, त्यासाठी माणसाला पगार कशाला? माझ्याच तोंडून अल्माटीत तीनशे लोकांनी ऐकलंय की माणूस बाजूला. मी म्हटलं, अहो पण त्यापायीच तर घोळ झाला, नाव घेऊन विचारलं तेव्हा सुटला. म्हणाले, "खरंय, पण निर्णय वर झालाय."

स्क्रम मास्टर हा प्रकारच आता कंपनीत नाही. आम्ही तिघे होतो. एक घरी गेला, एक घरं विकायच्या धंद्यात शिरली. मला म्हणाले, राहायचं असेल तर सहा महिने तपासणीच्या कामावर, निम्म्या पगारात, तोवर शीक. नऊ वर्षांपूर्वी मी तपासणीतूनच वर आले होते. आता पुन्हा पहिल्या पायरीवर, आणि पायरीसुद्धा तीच राहिलेली नाही. यंत्राने लिहिलेलं तपासायचं असतं. बेगिमाई माझी साहेब. गोड पोर आहे, "एजे, हे असं नाही हं," असं दिवसातून दहा वेळा म्हणते. त्या 'हं'चा मला फार राग येतो.

सकाळची बैठक बंद झाली. नऊ वाजता यंत्र प्रत्येकाच्या पडद्यावर विचारतं: काल काय, आज काय, अडचण काय. सगळे एका शब्दात लिहितात, 'ठीक', आणि पुढे जातात. मीही तेच लिहायची. या सोमवारपासून एकाच जागी रुतले होते. काही कळत नव्हतं आणि बेगिमाईला पाचव्यांदा विचारायची लाज वाटत होती. चार दिवस 'ठीक' लिहिलं. एर्मेकलाही सांगितलं नाही. गुरुवारी ठरवलं होतं की शुक्रवारी राजीनामा द्यायचा.

शुक्रवारी नऊ वाजता पडद्यावर प्रश्न आला. भाऊजींनी तो बंद केला, खुर्चीवरून उठले आणि फळ्यापाशी गेले. कुणाला बोलावलं नाही. पण ते वयाने थोरले, ते तिथे गेल्यावर आम्ही बसून कसे राहणार? सगळे गेलो, गोल झाला. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सिर्गा, तुझं कुठे अडलंय?"

नऊ वर्षं, जाऊबाई. रोज सकाळी मी हा प्रश्न आठ-आठ जणांना विचारत आले. मला तो कुणीच कधी विचारला नव्हता.  मी सांगायला लागले, आणि मध्ये रडू आलं तरी थांबले नाही.

तुमची,
सिर्गा